परदेशात घर घेताना ओळखीचे कागद: स्पेनच्या 'एनआयई' नंबराचा कुणाला अनुभव आहे का?

बदनापूरकर
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक चार वर्षांपासून स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला नोकरीला आहे. भाड्याच्या घराला कंटाळली. तिथंच दोन खोल्यांचा एक जुना फ्लॅट बघून ठेवलाय. निम्मे पैसे तिचे, निम्मे आमचे. आमचे म्हणजे समृद्धी महामार्गात जमीन गेली त्याचा मावेजा, जो तेव्हापासून एफडीत पडून आहे. लेक म्हणते, पैसे तुमचे तर नावंही तुमची लागू द्या. तिची आई तयार आहे, मी अर्धा तयार आहे.

आता तिथल्या एजंटानं यादी धाडली. आम्हा दोघांचे 'एनआयई' नंबर, दोघांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, सगळ्यांवर अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानावा म्हणून आपल्या सरकारचा शिक्का), तीन वर्षांचे रिटर्न, पैसा कुठून आला त्याचा पुरावा. आणि हे सगळं स्पॅनिशमध्ये.

कपाट उघडून बसलो तर अशी गत. माझा जन्मदाखला नाही. टी.सी.वर १ जून १९५८. खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही. आई सांगायची, पोळ्याच्या करीला झालास म्हणून. घरच्या मंडळींचं लग्नात नाव बदललं, त्यामुळं टी.सी.वर एक नाव, आधारवर दुसरं. तिच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोराच आहे, तिन्ही नावं एकाच ओळीत ठेवून दिलीत. आणि तिचा जन्म उस्मानाबादचा, नगरपालिकेतून आता नवीन दाखला काढला तर त्यावर धाराशिव.

हा एनआयई काय प्रकार आहे? त्यासाठी तिकडं जावं लागतं का? आणि जन्मदाखल्याशिवाय काम अडतं का?

मटकीमिसळ
जागा धरून बसतो. एक जूनवाल्यांचा धागा शंभरी गाठणार.

खडूफळा
१ जून क्लबात स्वागत. आमच्या परभणीच्या शाळेत पहिलीच्या वर्गात ४१ पोरं होती, त्यातली ३० एक जूनची. गुरुजी दाखल करताना विचारायचे, "काय लिहू?" बाप म्हणायचा, "तुम्हीच लिहा." पुढं मी स्वतः गुरुजी झालो आणि मीही तेच केलं, हे इथं कबूल करून टाकतो.

रेणाकाठ
काका, मी मूळचा रेणापूरचा, आता नऊ वर्षं बार्सिलोनात आहे. दोन वर्षांपूर्वी इथं घर घेतलं तेव्हा आईचं नाव लावलं होतं, म्हणून हे सगळं अंगावरून गेलंय. सावकाश सांगतो.

एनआयई म्हणजे परदेशी माणसाचा ओळख क्रमांक. इथल्या माणसाला जसा डीएनआय, तसा बाहेरच्याला एनआयई. घर, गाडी, कर, बँक, कंपनी, वारसा, जिथं म्हणून तुमचा स्पेनशी पैशाचा संबंध येतो तिथं हा लागतो. सुरुवातीला एक्स, वाय किंवा झेड, मग सात आकडे, शेवटी एक अक्षर. एकदा मिळाला की जन्मभर तोच. पासपोर्ट बदलला तरी नंबर बदलत नाही.

लोकांचा घोळ इथं होतो: एनआयई हा नंबर आहे, कार्ड नाही. तुमच्या लेकीकडं जे प्लास्टिकचं कार्ड आहे ते टीआयई, म्हणजे राहण्याचा परवाना. त्यावर तिचा एनआयई छापलेला असतो. तुम्ही तिथं राहणार नाही, तर तुम्हाला फक्त नंबर मिळेल, एका साध्या पांढऱ्या कागदावर. तो कागद बघून माझी आई म्हणाली होती, "एवढ्यासाठी मुंबईला दोन खेपा मारायला लावल्या होय रे?"

तिकडं जायची गरज नाही. तीन वाटा आहेत. स्पेनमध्ये येऊन पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागात अर्ज करा. नाहीतर मुंबईच्या स्पॅनिश कॉन्सुलेटात वेळ घेऊन करा. नाहीतर लेकीला मुखत्यारपत्र द्या आणि ती इथून करेल. अर्जाचा नमुना ईएक्स-१५, फीचा नमुना ७९० कोड ०१२. फी दहा युरोच्या आतबाहेर, म्हणजे झेरॉक्स आणि रिक्षालाच जास्त जातील.

सोबत मूळ पासपोर्ट, त्याच्या झेरॉक्स, आणि नंबर कशासाठी पाहिजे याचं कारण. नुसतं "घर घ्यायचंय" म्हणून भागत नाही, कागद दाखवावा लागतो. घराचा 'अरास' करार झाला असेल तर तो लावा.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. एनआयईसाठी माझ्या आईकडं जन्मदाखला कुणी मागितला नाही. ओळख म्हणजे पासपोर्ट. एजंटानं सगळ्या गिऱ्हाइकांना देतो ती ढोबळ यादी तुम्हालाही चिकटवलेली दिसतेय. त्याला विचारा, कोणता कागद कोणत्या टेबलावर लागतो ते सांग.

बदनापूरकर
लई उपकार झाले. हा अरास म्हणजे काय?

रेणाकाठ
आपला इसार हो! इसारपावतीच. साधारण दहा टक्के रक्कम देतात. घेणारा माघार घेतला तर इसार बुडाला, विकणारा फिरला तर त्यानं दुप्पट परत करायचा. त्यांच्या दिवाणी कायद्यात कलमच आहे, १४५४ नंबरचं.

मोडी_वाचक
अरास आणि इसार! कानाला तरी सख्खे भाऊ वाटतात. रच्याकने, म्हणजे जाता जाता, आपल्या कागदांत अरबी-फारसीतून आलेले शब्द किती आहेत बघा. मावेजा, दस्त, नक्कल, तहसील, फेरफारातला 'फेर' सोडला तर... जाऊ द्या, अवांतर होईल.

मटकीमिसळ
तुमचं अवांतर सुरू झालं म्हणजे धागा जिवंत आहे असं समजायचं.

गोदातीर
स्पष्ट बोलतो, राग नसावा. मावेज्याचा पैसा म्हणजे जमिनीचा पैसा. तो जमिनीतच जावा. जालन्याच्या बायपासला प्लॉट घ्या, निदान रविवारी जाऊन बघता तरी येईल. सात समुद्रापलीकडच्या दोन खोल्यांवर नाव लावून काय मिळणार? उद्या तिथं गळती लागली तर बदनापुरातून बादली घेऊन जाणार काय?

बदनापूरकर
गोदातीर, राग कशाला. माझं निम्मं मन तुमच्यासारखंच बोलतंय. पण लेक एकुलती एक आहे.

दुबईतला_बीडकर
आमच्या दुबईत एवढी कटकट नाही राव. २००६ च्या कायद्यानं ठरवून दिलेल्या भागांत परदेशी माणसाला फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीचं, घेता येतं. ओळख म्हणून पासपोर्ट असला की झालं, तिथला रहिवासी नसला तरी चालतं. जमीन विभागाला ४ टक्के भरा, मालकीपत्र हातात.

पण एक सांगतो. काकूंच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा आहे म्हणालात ना? नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर भेटीचा व्हिसा देणं इथं बंद झालंय. माझ्या सासऱ्यांचं तिकीट त्याच पायी वाया गेलं. विमानतळावर कळालं, तोवर धपाट्यांचा डबा बांधून तयार. ते धपाटे आम्ही सगळ्यांनी मुंबईतच बसून खाल्ले.

ताकभात
मला वाटतं खरा मुद्दा बीडकरांनी धरलाय. नंबर कोणत्याही देशाचा असो, तो पासपोर्टावरच्या नावावर उभा राहतो. मी इटलीत तोरिनोला असते. इथं एनआयईच्या जागी 'कोदिचे फिस्काले' असतं, १६ अक्षरांचं. घर, भाडेकरार, मोबाईलचं सिमसुद्धा त्याच्याशिवाय नाही. आणि हा नंबर कुणी वाटत बसत नाही, तो तुमच्या नावातूनच तयार होतो. आडनावातली तीन व्यंजनं, नावातली तीन, जन्मसाल, महिन्याचं एक अक्षर, दिवस, जन्मठिकाणाचा कोड, शेवटी तपासणीचं अक्षर. भारतात जन्मलेल्या सगळ्यांना झेड२२२. बाईमाणूस असेल तर जन्मदिवसात ४० मिळवतात.

माझं लग्नात नाव बदललं होतं आणि पासपोर्ट जुन्याच नावाचा होता. कोड जुन्या नावातून तयार झाला. नंतर पासपोर्ट नव्या नावाचा केला, तर कोड आणि नाव जुळेना. घराच्या व्यवहाराला आम्ही नोटरीसमोर बसलो होतो, विकणारी म्हातारी पण आली होती, मोत्यांची माळ घालून, खास. नोटरीनं दोन कागद शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, ह्या दोन बायका आहेत. सही त्या दिवशी झाली नाही. लग्नाचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, दोन्हीवर अपोस्टिल, भाषांतर. तीन महिने गेले. म्हातारी बिचारी थांबली म्हणून बरं.

काका, आधी काकूंचा पासपोर्ट नीट करा. मग नंबर.

खडूफळा
ताकभात, थांबा थांबा. म्हणजे १ जून १९५८ ला जन्मलेला कुणी विजय जाधव असला, तर त्याचा कोड काय?

ताकभात
आडनाव जेडीएच, नाव व्हीजेवाय, साल ५८, जूनचं अक्षर एच, दिवस ०१, भारत झेड२२२, मग तपासणीचं अक्षर.

खडूफळा
आणि माझ्या वर्गात दोन विजय जाधव होते. दोघंही १ जूनचे!

ताकभात
😄 त्याचीही सोय आहे त्यांच्याकडं. दोघांचा कोड सारखाच आला तर एकाच्या कोडातल्या आकड्याच्या जागी अक्षर टाकतात. इटलीत असं क्वचित होतं. मराठवाडा तिकडं गेला तर रोज होईल.

मटकीमिसळ
इटलीचं करखातं १ जूनला बंद पडणार. कीबोर्डवर चहा सांडला, नुकसानभरपाई कुणाकडं मागू?

हिंगोली_ते_हॅम्बुर्ग
जर्मनीचं सांगतो. इथं घर घ्यायला आधी एनआयईसारखा वेगळा नंबर काढावा लागत नाही. पासपोर्ट घेऊन नोटरीकडं जायचं. पण नोटरी सगळा करार मोठ्यांदा वाचून दाखवतो, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. कायदाच आहे तसा. जर्मन येत नसेल तर दुभाषा बसवायचा, मग तेच परत. आमचं वाचन पावणेदोन तास चाललं. सत्यनारायणाच्या पाचव्या अध्यायाला पोरं चुळबुळतात तसं माझं झालं होतं. फरक एवढाच की शेवटी शिरा नव्हता. आणि एप्रिल २०२३ पासून घराचे पैसे रोखीत देताच येत नाहीत.

अपोस्टिलबद्दल: १९६१ च्या हेगच्या करारात भारत २००५ ला आला, पण जर्मनीनं भारतापुरता आक्षेप नोंदवलाय. त्यामुळं आपलं अपोस्टिल इथं चालत नाही, दाखल्याची वेगळी पडताळणी होते. स्पेनला चालतं. म्हणून एका देशाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका.

मोडी_वाचक
आता मात्र राहवत नाही. काका, १९५८ ला तुम्ही जन्मलात तेव्हा जालना जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ ला औरंगाबादेतून वेगळा निघाला. लातूर ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादेतून निघालं, हिंगोली १९९९ ला परभणीतून. महाराष्ट्रही नव्हता, द्वैभाषिक मुंबई राज्य होतं. त्याच्या दोन वर्षं आधी जन्मला असतात तर तुम्ही हैदराबाद राज्यातले! म्हणजे माणूस जागचा हलला नाही आणि तीन राज्यांत राहून झालं. वर २०२३ ला औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावंही बदलली.

हे परदेशी टेबलावर समजावताना "जागा तीच, नाव बदललं" याचा पुरावा लागतो. तो म्हणजे नामांतराची शासकीय अधिसूचना. माझ्या भाच्याला कॅनडाच्या कामात मागितली होती. प्रत काढून, भाषांतर करून, फायलीत लावून ठेवा.

आणि एक गंमत. बाहेरच्यानं कागद दाखवल्याशिवाय जमीन घ्यायची नाही, हे स्पेननं शोधलेलं नाही. आपल्याकडं मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट कायदा १९५० चा लागू आहे. पुण्याच्या माणसाला बदनापुरात शेत घ्यायचं असेल तर शेतकरी असल्याचा दाखला आणावा लागतो. निजामाच्या काळात नोकरीला 'मुलकी' दाखला लागायचा, पंधरा वर्षं इथं राहिल्याचा. माझ्या आजोबांचा आहे घरी, उर्दूत. फ्रेम करून लावलाय. पाहुणे कुराणातली आयत समजून नमस्कार करतात.

गोदातीर
मोडीवाचक, तुमचा प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली). मी धाग्याच्या विरोधात असलो तरी.

वेरूळची_पाहुणी
उलट्या बाजूनं एक प्रश्न. मी अमेरिकेची नागरिक आहे, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) आहे. वडिलांची कन्नडला सहा एकर आहे. भाऊ म्हणतो शेजारची दोन एकर पण घेऊन टाक, तुझ्या नावानं. जमेल का?

हिशोबनीस
नाही. ओसीआय किंवा अनिवासी भारतीय, दोघांनाही शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही. घर, फ्लॅट, दुकान घेता येतं. वडिलांची सहा एकर वारसानं तुमच्याकडं येऊ शकते, ती ठेवता येईल. शेजारची दोन एकर भावानं घ्यावी, त्याच्या पैशानं, त्याच्या नावानं. "नाव त्याचं, पैसा माझा" हा खेळ खेळू नका, बेनामी कायद्यात अडकाल. पॅन काढून ठेवलं नसेल तर काढा, इथं ओळखीची सुरुवात त्यानंच होते.

आता मूळ धाग्याकडं. मी नांदेडला सीए आहे. तिकडच्या कागदांबद्दल रेणाकाठ यांनी सांगितलंय, इकडची बाजू कुणी बोलेना.

बदनापूरकर, निवासी भारतीय माणूस एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची बाहेर पैसे पाठवायची योजना) आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकतो. तुम्ही आणि वहिनी, दोघांची मर्यादा वेगळी. परदेशात घर घ्यायला परवानगी आहे, अनिवासी मुलीसोबत जोडीनं घ्यायलाही आहे, २०२२ च्या नियमांत ते आहे. बँकेत पॅन आणि ए-२ फॉर्म लागेल. वर्षाला १० लाखांच्या वर जी रक्कम जाईल तिच्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. समजा एकानं ४० लाख पाठवले तर ३० लाखांवर सहा लाख अडकले. बुडत नाहीत, रिटर्नमध्ये वळते होतात किंवा परत येतात. पण घराचा हप्ता ठरवताना हे सहा लाख हातात नाहीत हे धरून चाला. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक सहीच्या चार दिवस आधी माझ्याकडं रडत आलं होतं.

दुसरं. ज्या वर्षापासून तिकडं नाव लागेल, त्या वर्षापासून तुमच्या रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावं लागेल. साधा आयटीआर-१ चालणार नाही. पेन्शनीवाले लोक सवयीनं तोच भरतात. परदेशी मालमत्ता दाखवली नाही तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाख दंडाची तरतूद आहे. घरातून एक रुपया भाडं येत नसलं तरी दाखवायचं.

आता माझं मत. नावं लावूच नका. पैसे लेकीला भेट द्या, एलआरएसमधूनच जातात, आणि घर तिच्या एकटीच्या नावावर होऊ द्या. तुम्हाला एनआयई नको, अपोस्टिल नको, एफए नको.

रेणाकाठ
हिशोबनीस, इथं थोडा असहमत. भेट घेणाऱ्याला स्पेनमध्ये कर आहे. आईवडिलांकडून आली तर प्रांताप्रमाणं मोठी सवलत मिळते, पण त्यासाठी भेटीचा दस्त इथल्या नोटरीसमोर करावा लागतो. म्हणजे कागद आलेच. पुढं नको तो प्रसंग आला तर नाव असलेल्याच्या वारसांनाही एनआयई लागतो, तेही खरं. मी आईचं नाव लावलं कारण पैसे तिचे होते आणि ती म्हणाली, "माझ्या नावाचं एक तरी घर असू दे." नवऱ्याच्या घरात तिची चाळीस वर्षं गेली, ते घर सासऱ्यांच्या नावावर होतं.

ताकभात
+१. शेवटचं वाक्य वाचून थांबले.

हिशोबनीस
कराचा मुद्दा मान्य. बाकीच्यावर सीए काय बोलणार.

बदनापूरकर
घरी वाचून दाखवलं. उत्तर लगेच आलं, "माझं नाव लागू द्या." माझं विचारलंही नाही!

आता पैशाच्या पुराव्याचं सांगा. एजंट म्हणतो, मावेजा कशाचा ते दाखवा. माझ्याकडं भूसंपादनाचा निवाडा आहे, जुना सातबारा आहे, फेरफार आहे, बँकेचं पासबुक आहे. हे स्पॅनिशमध्ये कोण करणार?

रेणाकाठ
इथल्या सरकारमान्य भाषांतरकाराकडून. त्याचा सहीशिक्का असलेलंच चालतं. मराठीतून थेट स्पॅनिश करणारा मला मिळाला नव्हता, म्हणून आधी मराठीचं इंग्रजी करून घेतलं, मग इंग्रजीचं स्पॅनिश. त्या भाषांतरकार बाईनं मला फोन केला, "इथं पोट खराब झालंय असं लिहिलंय, हे आरोग्याचं कागदपत्र आहे का?" पोटखराबा हो, लागवडीला न येणारी जमीन! तिकडच्या इंग्रजीवाल्यानं शब्दशः करून ठेवलं होतं.

मटकीमिसळ
दंडवत. आता बास, पोट दुखायलंय. खराब नाही, दुखायलंय.

खडूफळा
गुंठ्याचं काय केलं मग?

रेणाकाठ
चौरस मीटर. हेक्टर-आर लिहिलेलं असलं तर सोपं जातं, आर त्यांनाही माहीत आहे. काका, सगळा सातबारा उतरवून घेऊ नका, पानामागं पैसे लागतात. निवाड्याचं पहिलं पान आणि तुमचं नाव-रकमेचं पान, आणि ती रक्कम ज्या दिवशी खात्यात पडली ते बँकेचं पान, एवढ्यावर माझं भागलं. आकडा आणि नाव दोन्हीकडं तेच पाहिजे. निवाड्यात "रामराव", पासबुकात "रामभाऊ" असं असलं तर आधीच बँकेला पत्र द्या.

बदनापूरकर
कसं ओळखलंत? निवाड्यात माझ्या नावापुढं "राव" आहे, पासपोर्टात नाही.

दुबईतला_बीडकर
मराठवाड्यात राव लावल्याशिवाय तलाठ्याचं पेन चालत नाही.

हिशोबनीस
प्रतिज्ञापत्र करा, दोन्ही नावं एकाच माणसाची म्हणून. नोटरी, मग राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. मुखत्यारपत्र करणार असाल तर त्याचीही हीच वाट, दोन्ही एकाच खेपेत उरका. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागं ५० रुपये आहे. कुणी पाच हजार सांगितले तर ते सरकारचे नाहीत.

संपादक
धाग्यावर कुणीही स्वतःचा किंवा घरच्यांचा पासपोर्ट, पॅन, एनआयई नंबर टाकू नये. एक प्रतिसाद काढला आहे.

मटकीमिसळ
प्रकाटाआ, म्हणजे काढून टाकलेला प्रतिसाद, कुणाचा?

संपादक
तुमचा नाही, हे नवल.

बदनापूरकर
(साडेचार महिन्यांनी)

धागा वर काढतोय, माफ करा. ज्यांनी वेळ दिला त्यांना सांगायला पाहिजे.

ताकभात यांचं ऐकून आधी हिचा पासपोर्ट पुन्हा काढला, आडनाव त्याच्या रकान्यात आलं. महिना गेला, पण गेला ते बरं. कारण मुंबईच्या कॉन्सुलेटात खिडकीवरच्या बाईनं पहिली गोष्ट तीच बघितली. ईएक्स-१५ मध्ये बापाचं आणि आईचं नाव लिहायचे रकाने आहेत. हिनं आईचं नाव लिहिताना पेन थांबवलं. मला म्हणाली, माहेरचं लिहू की सासरचं? पासपोर्टात आहे तसं लिही म्हटलं. जन्मदाखला कुणी मागितला नाही. लग्नाचा दाखला तिथं लागला नाही, पण स्पेनच्या नोटरीला लग्न झालेलं आहे का, मालमत्ता एकत्र की वेगळी हे दस्तात लिहायचं होतं, तेव्हा लेकीकडं तयार होता.

"राव"चं प्रतिज्ञापत्र केलं. धाराशिवची अधिसूचना कुणी बघितली नाही, पण फायलीत आहे, मोडी_वाचक यांच्या समाधानासाठी. टीसीएस कापला गेला, हिशोबनीस म्हणाले तेवढाच. मुखत्यारपत्राच्या आधारावर लेकीनं आमच्या वतीनं सही केली, दस्त झाला. आम्ही अजून घर बघितलेलं नाही, व्हिडिओवर बघितलं. बाल्कनीत दोन खुर्च्या मावतात.

गोदातीर, जालन्याच्या बायपासला प्लॉटपण बघितला. भाव ऐकून परत आलो.

गोदातीर
अभिनंदन. गळती लागली तर मी बादली देतो.

खडूफळा
अभिनंदन! काका, एक विनंती. त्या नंबराच्या शेवटच्या अक्षराचं मी मधल्या काळात वाचलं. ते उगीच नसतं. पहिलं अक्षर एक्स असेल तर त्याच्या जागी ०, वाय असेल तर १, झेड असेल तर २ लिहायचं. मग त्या आठ अंकी संख्येला २३ नं भागायचं. बाकी जी उरते तिच्यावरून अक्षर ठरतं. बाकी शून्य तर टी, एक तर आर, दोन तर डब्ल्यू, असा २३ अक्षरांचा ठरलेला क्रम आहे. नमुन्याला एक्स१२३४५६७ घेतला: १२३४५६७ भागिले २३, बाकी १९, अक्षर एल. टंकताना एक अंक चुकला तरी पकडला जातो. छत्तीस वर्षं पोरांना भागाकार शिकवला, "गुरुजी, ह्याचा उपयोग काय" म्हणायचे. नंबर इथं टाकू नका, संपादक रागवतील. कागदावर भागाकार करा आणि फक्त बाकी सांगा. अक्षर मी सांगतो.

बदनापूरकर
कॅल्क्युलेटर चालेल का?

खडूफळा
हातानं.

बदनापूरकर
केला. पहिल्यांदा चुकला, परत केला. माझी बाकी ७.

खडूफळा
एफ.

बदनापूरकर
बरोबर! आता हिनं वही ओढून घेतली, स्वतःचा स्वतः करते म्हणतेय. थांबा. बाकी शून्य आली. म्हणतेय, काही उरलंच नाही, माझं चुकलं का?

खडूफळा
वहिनींना सांगा, बरोबर आहे. टी.